टचस्क्रीन की बटण? गाडीत, घरात आणि खिशात काय बरं पडतं, आणि का

गेल्या पावसाळ्यात एका मित्राच्या नव्या गाडीतून खंबाटकी घाट चढत होतो. गाडीत चार जण, बाहेर धो धो पाऊस, त्यामुळे समोरची काच आतून धुरकट झाली. हे होतंच. एसी लावून हवा काचेवर सोडली की अर्ध्या मिनिटात काच साफ होते. त्याच्या जुन्या गाडीत यासाठी एक गोल नॉब होता, तो बघायचीही गरज पडायची नाही. नव्या गाडीत मधोमध ऐसपैस स्क्रीन आहे आणि तिच्यावर मॅप चालू होता. म्हणजे आधी मॅपमधून बाहेर पडा, मग एसीचं पान उघडा, मग काचेचं चिन्ह शोधा. मित्र एकदा रस्त्याकडे बघतोय, एकदा स्क्रीनकडे. शेवटी शेजारच्या सीटवरून मीच ते केलं, आणि मलाही तिसऱ्या प्रयत्नात जमलं. मी दिवसभर सॉफ्टवेअर लिहितो, तरीही. दरम्यान पुढचा ट्रक किती जवळ आला होता ते काच साफ झाल्यावर कळलं.

त्या दिवसापासून हा विषय डोक्यात होता. आपल्या वयाच्या लोकांना टचस्क्रीन म्हणजे नवं आणि बटण म्हणजे जुनं असंच वाटतं, कारण आपला पहिला स्वतःचा फोनच बहुतेक टचस्क्रीनचा होता. पण दोन्हींच्या आत काय चालतं ते बघितलं, तर नवं-जुनं हा मुद्दाच नाही असं लक्षात येतं.

बोट टेकलं की काय होतं?

टचस्क्रीन ही स्मार्टफोनपेक्षा बरीच जुनी गोष्ट आहे. इंग्लंडमधल्या माल्व्हर्न इथल्या रॉयल रडार एस्टॅब्लिशमेंटमध्ये काम करणाऱ्या ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ साली बोटाच्या स्पर्शाने चालणाऱ्या डिस्प्लेबद्दल लेख लिहिला होता. डोक्यात उपयोग होता तो विमानांच्या वाहतूक नियंत्रणाचा.

आज आपल्या आसपास मुख्यतः दोन प्रकार दिसतात. पहिला रेझिस्टिव्ह. यात दोन पातळ थर एकमेकांपासून किंचित दूर असतात. दाब दिला की ते एकमेकांना टेकतात आणि कुठे टेकले ते सर्किटला कळतं. दाबच लागत असल्याने नखाने, पेनाने, हातमोजा घालूनही चालतं. नोकियाचा ५८०० एक्स्प्रेसम्युझिक आठवतोय का? घरात मोठ्या भावाकडे किंवा मामाकडे असेल. तो असाच होता, म्हणून त्याच्यासोबत काडी यायची.

दुसरा कपॅसिटिव्ह, म्हणजे तुमच्या हातातला फोन. काचेच्या खाली पारदर्शक पण वीज वाहून नेणाऱ्या पदार्थाच्या बारीक रेषांची जाळी असते, काही उभ्या, काही आडव्या. जिथे दोन रेषा एकमेकींवरून जातात तिथे थोडासा विद्युतभार साठतो. तुमचं शरीरही वीज वाहून नेतं, त्यामुळे बोट जवळ आलं की त्या ठिकाणचा भार किंचित बदलतो. हा बदल इतका सूक्ष्म असतो की तो पिकोफॅरडच्याही अंशात मोजावा लागतो. एक चिप ही सगळी जाळी सेकंदाला साठ, एकशेवीस किंवा त्याहूनही जास्त वेळा तपासत राहते आणि बदल नेमका कुठे झाला ते काढते. म्हणजे कपॅसिटिव्ह स्क्रीनला तुम्ही दाबलं हे कळतच नाही. तिला फक्त वीज वाहणारं काहीतरी जवळ आलंय एवढंच कळतं.

हे एकदा समजलं की रोजच्या बऱ्याच कटकटींचा उलगडा होतो. साधं पाणीही वीज वाहतं, म्हणून पावसात फोन वेड्यासारखा वागतो. जाड हातमोजा मध्ये आला की बदल स्क्रीनपर्यंत पोचत नाही. आणि स्वस्तातला चार्जर लावल्यावर स्क्रीन आपोआप टॅप होतेय असं झालंय का कधी? चार्जरमधून येणारी विजेची गडबड त्या बारीक मोजणीत मिसळते, आणि बोट नसताना चिपला बोट असल्याचा भास होतो. फोन बिघडलाय असं समजून दुरुस्तीला टाकण्याआधी चार्जर काढून बघा.

चिप बनवणारे यावर बरेच उपाय करतात. ओल्या हातासाठी वेगळी पद्धत, हातमोज्यासाठी संवेदनशीलता वाढवायची सोय, वगैरे. फोनच्या महागड्या चिपमध्ये ते बऱ्यापैकी जमलंय. पण इंडक्शन शेगडीच्या किंवा चिमणीच्या पॅनेलमध्ये तेवढी भारी चिप कोण घालणार?

मग बटण नेमकं काय करतं?

बटणाचं काम फक्त दाबलं जाणं एवढंच नसतं. बोट त्याच्यापर्यंत न बघता पोचतं, कारण त्याला कड असते, उंचवटा असतो. बोट त्याच्यावर ठेवून तुम्ही थांबू शकता, हेच ते का याची खात्री करू शकता, आणि तोवर काहीही घडत नाही. मग दाबलं की टक् असं हाताला कळतं.

यातली मधली गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे आणि तिच्याकडेच कोणी लक्ष देत नाही. बटणाच्या बाबतीत हात लावणं आणि दाबणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत. टचस्क्रीनवर ती एकच आहे. तुमच्या कीबोर्डवर एफ आणि जे या अक्षरांवर बारीक रेघ असते आणि जुन्या फोनच्या ५ या आकड्यावर ठिपका, ते याचसाठी. बोट तिथे विसावतं, आणि तिथून बाकीचं सगळं अंदाजाने सापडतं. काचेवर बोट विसावायला जागाच नाही, टेकलं की काम झालं.

व्हायब्रेशनने हे सुटतं असं काही जण म्हणतात. अर्धंच सुटतं. २०१६ च्या आयफोन ७ मध्ये होम बटण खरं म्हणजे हलतच नव्हतं, आतली मोटर दाबल्याचा भास करून द्यायची आणि तो इतका बेमालूम होता की फोन बंद असताना लोक बटण दाबून चक्रावायचे. पण तिथेही बटणाभोवती गोल खोबण होती, म्हणून बोटाला ते सापडायचं. सपाट काचेवरचं व्हायब्रेशन तुम्ही दाबून झाल्यावर येतं. दाबण्याआधी जागा शोधायला त्याचा उपयोग शून्य.

एक गैरसमज मात्र काढून टाकू. बटण म्हणजे थेट वायर आणि टच म्हणजे सॉफ्टवेअर असं नसतं. आजच्या गाडीत काच वर करायचं बटण दाबलं तरी बहुतेक वेळा एक संदेश आतल्या नेटवर्कवरून कंट्रोलरकडे जातो आणि तो मोटर फिरवतो. बटणालाही सॉफ्टवेअर लागतं. गंमत म्हणजे कुठलंही धातूचं बटण एकदा दाबलं तरी आतले संपर्कबिंदू काही मिलिसेकंद थरथरतात, आणि कॉम्प्युटरला ते दहा-वीस वेळा दाबल्यासारखं दिसतं. त्यामुळे थरथर थांबेपर्यंत वाट बघणारा कोड लिहावा लागतो. इंजिनिअरिंगला असताना मायक्रोकंट्रोलरच्या पहिल्याच प्रॅक्टिकलमध्ये माझा एलईडी एका दाबात चारदा लागला-विझला होता, सर खूप हसले होते. सांगायचा मुद्दा, फरक आतल्या तंत्रज्ञानाचा कमी आणि तुमच्या डोळ्यांना व बोटाला काय करावं लागतं याचा जास्त आहे.

काका आणि टिकल्या

माझ्या काकांची नजर मधुमेहाने गेली. पूर्ण नाही, उजेड-अंधार कळतो, पण पॅनेलवरची अक्षरं वाचता येत नाहीत. ते एकटे राहतात आणि स्वतःचं सगळं स्वतः करतात. जुन्या वॉशिंग मशिनचा नॉब ते टक्-टक् मोजून फिरवायचे, चार टक् म्हणजे रोजचे कपडे. ते मशिन गेलं आणि आम्ही भावंडांनी मिळून हौसेने नवं घेऊन दिलं, वरून अखंड काच, स्पर्शाने चालणारं पॅनेल. बिल भरताना कोणाच्याही मनात आलं नाही.

आठ दिवसांनी काकांचा फोन. "अरे, हे मशिन मला हात लावू देत नाही. शोधायला गेलो की सुरूच होतं."

आईने नेहमीचा उपाय केला, पॅनेलवर टिकल्या चिकटवल्या. सुरू करायच्या जागेवर मोठी, प्रोग्रॅमच्या जागेवर लहान. तरी जमेना. टिकली पातळ असते, तिच्यातूनही बोट ओळखलं जातंच. काका टिकली चाचपडत जायचे आणि वाटेत जे जे लागेल ते सुरू व्हायचं. मग मी टिकल्या बटणांच्या जागेवरून काढून त्यांच्या खाली, जिथे सेन्सर नाही अशा कडेला लावल्या. आता टिकली सापडली की बोट उचलून एक इंच वर टेकवायचं. चाललं, पण प्रोग्रॅम दर वेळी पहिल्यापासून मोजायला लागतो आणि मशिनचा आवाज प्रत्येक स्पर्शाला सारखाच. किती वेळा दाबलं हे विसरलं की बंद करून पुन्हा सुरुवात.

फोनच्या बाबतीत हा प्रश्न सुटलेला आहे, हे लक्षात घ्या. अँड्रॉइडवर टॉकबॅक आणि आयफोनवर व्हॉइसओव्हर सुरू केलं की बोट फिरवताना खाली काय आहे ते फोन बोलतो, आणि दोनदा टॅप केल्यावरच ते उघडतं. म्हणजे हात लावणं आणि दाबणं पुन्हा वेगळं केलं! काका फोनवरून पैसे पाठवतात, बातम्या ऐकतात. त्याच काकांना कपडे धुणं अवघड झालं. काच दोन्हीकडे आहे, पण शेगडी-मशिन बनवणाऱ्यांनी तेवढं सॉफ्टवेअर कधी लिहिलंच नाही.

डोळस लोकांचंही स्वयंपाकघरात काही फार बरं नाही. कणकेचा हात, तेलाचा हात, ओला हात. आणि दूध उतू गेलं की ते वाहत येऊन नेमकं पॅनेलवर पसरतं, म्हणजे बंद करायची सगळ्यात जास्त घाई असते तेव्हाच पॅनेल ऐकत नाही. काही शेगड्या पॅनेल ओलं झालं की स्वतःहून बंद होतात, तो शहाणपणा चांगला आहे. पण साधं दाबायचं बटण असलेली शेगडी दुधातही बंद करता येते.

विमानाच्या लिव्हरला चाक का असतं?

न बघता हाताला कळलं पाहिजे, हा विचार दुसऱ्या महायुद्धातून आला. अमेरिकेची बी-१७ बॉम्बर विमानं सुखरूप उतरल्यावर धावपट्टीवरच पोटावर बसायची. वैमानिक पंखांचे फ्लॅप आत घ्यायला जायचे आणि चुकून चाकं आत घ्यायचे. अल्फॉन्स चापानिस या मानसशास्त्रज्ञाने कॉकपिट बघितलं तर दोन्हींचे स्विच शेजारी-शेजारी आणि सारखेच. दमलेला माणूस चुकणारच. उपाय साधा निघाला: चाकाच्या स्विचला रबरी चाकाचा आकार, फ्लॅपच्या स्विचला पंखाच्या पातीचा आकार. आजही प्रवासी विमानाच्या कॉकपिटचा फोटो झूम करून बघा, लँडिंग गिअरच्या लिव्हरच्या टोकाला छोटं चाक दिसेल. अमेरिकेच्या विमान नियमांत तो आकार ठरवूनच दिलाय. त्या कॉकपिटमध्ये स्क्रीन कमी नाहीत. पण जे चुकलं तर माणसं मरतील, ते हाताला ओळखू येईल असंच ठेवलंय.

गाडीत स्क्रीन आलीच कशी?

गाडीतली पहिली टचस्क्रीन टेस्लाची, असं समजत असाल तर चूक. १९८६ सालच्या ब्यूक रिव्हिएरामध्ये जुन्या टीव्हीसारखी काचेची नळी असलेली टचस्क्रीन होती, तिच्यावरून एसी आणि रेडिओ चालायचा. लोक वैतागले, रस्त्यावरून नजर हटते अशा तक्रारी झाल्या, आणि काही वर्षांत कंपनीने ती काढून टाकली. ब्यूकच्या त्या अनुभवातून पुढच्यांनी फारसं काही घेतलं नाही असंच म्हणावं लागेल.

२०१२ मध्ये टेस्लाच्या मॉडेल एसमध्ये १७ इंची स्क्रीन आली आणि मग रांगच लागली. आपल्याकडे २०१९ मध्ये एमजी हेक्टर १०.४ इंची उभी स्क्रीन घेऊन आली, तेव्हा शोरूममध्ये लोक आधी स्क्रीनच बघायचे. अमेरिकेत मे २०१८ पासून नव्या गाड्यांना रिव्हर्स कॅमेरा सक्तीचा झाला. म्हणजे स्क्रीन बसवायचीच आहे, तर बाकीचंही तिच्यातच टाका, हा हिशोब सोपा होता.

आणि हिशोब पैशाचाही आहे. प्रत्येक बटणाला साचा लागतो, वायर लागते, हजारो वेळा दाबून बघायची चाचणी लागते. डाव्या आणि उजव्या स्टिअरिंगला वेगळी मांडणी लागते. आणि हे सगळं गाडी बाजारात येण्याच्या कितीतरी आधी ठरवावं लागतं. स्क्रीनवरचं बटण मात्र शेवटच्या आठवड्यातही हलवता येतं, गाडी विकल्यावर अपडेटनेसुद्धा. आमच्या धंद्यात याला आम्ही सोय म्हणतो. गिऱ्हाईकाच्या बाजूने बघितलं तर काल इथे असलेलं बटण आज तिथे जातं, आणि हाताला बसलेली सवय मोडते.

मोजून बघितलं तेव्हा

यावर गप्पा खूप होतात, पण २०२२ मध्ये व्ही बिलेगारे या स्वीडिश मासिकाने सरळ मोजलंच. वापरात नसलेल्या धावपट्टीवर ताशी ११० किलोमीटरने गाडी चालवायची आणि चार कामं करायची: सीट गरम करून, तापमान वाढवून काचेवरची हवा सुरू करणं, रेडिओवर ठरावीक स्टेशन लावणं, ट्रिपचा आकडा शून्य करणं, डॅशबोर्डचा उजेड कमी करून मधली स्क्रीन बंद करणं. चालकांना आधी गाडीची ओळख करून घ्यायला वेळ दिला होता. अकरा नव्या गाड्या, आणि तुलनेला २००५ ची एक व्होल्वो व्ही७०, बटणांची.

जुन्या व्होल्वोत सगळं १० सेकंदांत झालं, तेवढ्यात गाडी ३०६ मीटर गेली. सगळ्यात मागे राहिलेल्या एमजी मार्व्हल आरमध्ये त्याच कामांना ४४.९ सेकंद लागले, म्हणजे १,३७२ मीटर. सव्वा किलोमीटरहून जास्त! सगळ्याच स्क्रीन इतक्या वाईट नव्हत्या, डाचिया सँडेरो आणि व्होल्वोचीच नवी सी४० चौदा सेकंदांच्या आत होत्या. त्यामुळे स्क्रीन आहे म्हणून गाडी वाईट असं नाही. कुठली गोष्ट किती पानं आत गाडलीय यावर बरंच अवलंबून आहे.

अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा संस्थेने २०१३ मध्ये ऐच्छिक मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात एका वेळी नजर दोन सेकंदांपेक्षा जास्त हटू नये आणि अख्खं काम बारा सेकंदांच्या नजरेत व्हावं असं म्हटलंय. दोन सेकंद म्हणजे काय ते आपल्या रस्त्यावर मोजू. एक्स्प्रेसवेवर ताशी १०० च्या वेगात दोन सेकंदांत गाडी ५५ मीटर पुढे जाते. घाटात ताशी ६० ने ३३ मीटर.

जर्मनीत तर प्रकरण कोर्टात गेलं. टेस्ला चालवणारा एक माणूस जोराच्या पावसात वायपरचा वेग वाढवायला स्क्रीनच्या मेन्यूत शिरला आणि गाडी रस्ता सोडून झाडांवर गेली. २०२० मध्ये कार्ल्सरुहच्या उच्च प्रादेशिक न्यायालयाने त्याचा २०० युरोंचा दंड आणि एक महिन्याची वाहनबंदी कायम ठेवली. गाडीत कंपनीनेच बसवलेली स्क्रीन असली तरी गाडी चालवताना ती वापरण्याचे नियम फोनसारखेच लागू होतात, असं कोर्टाने धरलं. म्हणजे पावसात वायपर लावला म्हणून दंड. मला यात चालकाइतकाच वायपर मेन्यूत टाकणारा डिझायनरही दोषी वाटतो, पण पावती त्याच्या नावाने फाटत नाही.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम १८४ गाडी चालवताना हातातलं संपर्काचं उपकरण वापरण्याबद्दल आहे. डॅशबोर्डवर घट्ट बसवलेली स्क्रीन हातात नसते, त्यामुळे ती त्या शब्दांत येत नाही. धोका मात्र तोच.

समुद्रावरची किंमत

२१ ऑगस्ट २०१७ च्या पहाटे सिंगापूरजवळ अमेरिकेची यूएसएस जॉन एस. मॅकेन ही विनाशिका अलनिक एमसी या तेलवाहू जहाजावर आदळली. दहा नौसैनिक गेले.

जहाजाची दिशा आणि वेग टचस्क्रीनच्या कन्सोलवरून चालत होते. कॅप्टनने काम दोघांत वाटून द्यायला सांगितलं, एकाने दिशा बघायची, दुसऱ्याने वेग. स्क्रीनवर वेगाचं नियंत्रण दुसऱ्या कन्सोलकडे देताना दिशेचंही गेलं, आणि हे कोणाच्या लक्षात आलं नाही. सुकाणूवरच्या माणसाला वाटलं सुकाणूच निकामी झालं. वेग कमी करायला सांगितलं तर दोनपैकी एकाच बाजूचा वेग कमी झाला, कारण स्क्रीनवर दोन्ही बाजू एकमेकींशी जोडलेल्या नव्हत्या. जहाज वळत वळत तेलवाहू जहाजाच्या वाटेत गेलं.

२०१९ च्या चौकशी अहवालात मुख्य ठपका अपुऱ्या प्रशिक्षणावर आणि देखरेखीवर आहे. पण स्क्रीनच्या रचनेमुळे चूक होण्याची शक्यता वाढली असंही त्यात स्पष्ट आहे. दोन धातूच्या लिव्हर असत्या तर एक पुढे आणि एक मागे आहे हे हाताला आणि डोळ्याला लगेच कळलं असतं. अमेरिकन नौदलाने त्याच वर्षी ठरवलं की त्या प्रकारच्या विनाशिकांवर वेगासाठी पुन्हा हाताने ढकलायच्या लिव्हर बसवायच्या.

आता उलटी गंगा

गाड्यांतही वारं फिरलंय. युरोपात गाड्यांना सुरक्षिततेचे तारे देणाऱ्या युरो एनकॅपने २०२६ पासून नवा निकष आणलाय: इंडिकेटर, हॅझर्ड लाइट, वायपर, हॉर्न आणि आणीबाणीचा एसओएस कॉल या पाच गोष्टींना हाताने चालणारं स्वतंत्र बटण किंवा दांडी नसेल तर गुण कापले जाणार. हा कायदा नाही, पण पाच तारे जाहिरातीत दाखवायचे असतात, त्यामुळे कंपन्या ऐकतात.

फोक्सवॅगनने काही मॉडेल्समध्ये आवाज आणि तापमानासाठी स्पर्शाच्या पट्ट्या दिल्या होत्या, ज्यांना सुरुवातीला रात्री उजेडही नव्हता. गिऱ्हाइकांनी इतकी नावं ठेवली की २०२५ मध्ये त्यांच्या डिझाइन प्रमुखांनी जाहीर केलं, आवाज, दोन्ही बाजूंचं तापमान, पंखा आणि हॅझर्ड लाइट यांची खरी बटणं परत येणार. टेस्लाने २०२३ मध्ये नव्या मॉडेल ३ मधून इंडिकेटरची दांडी काढून स्टिअरिंगवर बटणं दिली होती. २०२५ च्या नव्या मॉडेल वायमध्ये दांडी आहे. जुलै २०२५ मध्ये मुंबईत बीकेसीला जी गाडी आली ती हीच. गिअर मात्र तिच्यातही स्क्रीनवरूनच टाकायचा!

लॅपटॉपमध्येही हेच झालं. ॲपलने २०१६ मध्ये मॅकबुक प्रोच्या फंक्शन बटणांच्या जागी टचची पट्टी आणली. आमच्यासारख्या एस्केप बटण दिवसाला शंभरदा दाबणाऱ्या लोकांनी डोकं धरलं. २०१९ मध्ये एस्केप परत आलं, २०२१ च्या मोठ्या मॉडेल्समधून पट्टीच गेली.

टचस्क्रीनशिवाय जे झालंच नसतं

एवढं सगळं वाचून मी बटणवाला वाटत असेन, तर हे वाचा. हा लेख मराठीत आहे आणि तुमच्यापैकी बरेच जण तो फोनवर वाचून मराठीतच कोणाला तरी पाठवतील. बटणांच्या फोनवर मराठी लिहिणं ही शिक्षा होती. बारा बटणांवर सगळी बाराखडी कोंबलेली, एका अक्षरासाठी तेच बटण चार-पाच वेळा, जोडाक्षर आलं की संपलंच. त्यामुळे सगळे इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचे. स्क्रीनवरचा कीबोर्ड कुठल्याही लिपीचा होऊ शकतो, काना-मात्रा हव्या तेव्हा दाखवू शकतो. घराघरांतल्या आज्या व्हॉट्सॲपवर देवनागरीत लिहायला लागल्या त्या काचेमुळे.

मॅप बोटांनी मोठा करणं, फोटो कापणं, गाण्यांची लांबलचक यादी सरकवणं, हे बटणांनी करून बघा म्हणजे कळेल. जे काम दर वेळी वेगळं असतं आणि ज्याच्याकडे बघावंच लागतं, त्याला स्क्रीन. जे रोज तेच असतं, घाईत लागतं, किंवा नजर दुसरीकडे असताना लागतं, त्याला बटण. मला तरी एवढी साधी विभागणी पुरते.

आपल्या देशातली याची सगळ्यात मोठी उदाहरणं तर तुम्ही हाताळलेली आहेत. मतदान यंत्राला टचस्क्रीन नाही. प्रत्येक उमेदवारासमोर निळं बटण, दाबल्यावर लाल दिवा आणि बीप, शेजारी ब्रेलमध्ये आकडा. पहिल्यांदा मत देणारं अठरा वर्षांचं पोरगं आणि नव्वदीची आजी, दोघांनाही तेच. एटीएमसाठीही रिझर्व्ह बँकेने जुलै २०१४ पासून नवी मशिनं बोलणारी आणि ब्रेल कीपॅडची असावीत असं सांगितलंय. दुकानात मात्र आता कार्डाची मशिनं गुळगुळीत काचेची यायला लागलीत. त्यावर पिन कसा टाकायचा, हे काकांना विचारा. दुकानदाराला पिन सांगणं हाच त्यांच्यापुढे पर्याय असतो, आणि ते रोख देतात.

घेताना काय बघाल?

गाडी बघायला गेलात तर उभ्या गाडीत बसा, नजर समोरच्या काचेवर ठेवा आणि खाली न बघता ही कामं करा: वायपर, हॅझर्ड, काचेवरची हवा, आवाज कमी. जे जमत नाही ते पावसात तर मुळीच जमणार नाही. सेल्समन स्क्रीनचे इंच सांगत राहील, सांगू द्या. स्क्रीनच असलेली गाडी आधीच घरात असेल तर स्टिअरिंगवरच्या बटणांना आणि आवाजाच्या आज्ञांना काय काय जोडता येतं ते उभ्या गाडीत एकदा बघून ठेवा, आणि रस्त्यात लागलंच तर शेजारच्याला सांगा. इलेक्ट्रिक स्कूटर घेताना भर पावसात आणि हातमोजे घालून मोड बदलता येतो का हे विचारा, शक्यतो बाटलीतलं पाणी शिंपडून तिथेच बघा. मी केलंय, सेल्समनचा चेहरा बघण्यासारखा होता.

घरच्या वस्तूंसाठी हात ओला करून पॅनेल वापरून बघा, आणि घरात कोणाला कमी दिसत असेल तर त्यांनाच दुकानात घेऊन जा. आम्ही हेच केलं नव्हतं.

फोनलाही अजून दोन-तीन बटणं शिल्लक आहेत, ती कामाला लावा. अँड्रॉइडच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये पॉवर बटणाने कॉल कट करायची सोय असते, ओल्या हाताला उपयोगी. आवाजाच्या बटणाने फोटो निघतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, २०१६ च्या केंद्र सरकारच्या नियमांनुसार भारतातल्या स्मार्टफोनवर पॉवर बटण लागोपाठ तीनदा दाबून आणीबाणीचा कॉल जायची सोय अपेक्षित आहे. प्रत्येक फोनमध्ये ती वेगवेगळ्या नावाने आणि वेगवेगळ्या दाबांनी असते, कुठे पाच वेळा दाबावं लागतं. आजच सेटिंगमध्ये इमर्जन्सी शोधा आणि आपल्या फोनचा आकडा पाठ करा. खिशात हात असताना, स्क्रीन न बघता लागणारी ही गोष्ट आहे.

काकांचं मशिन गेल्या महिन्यात आम्ही घरी आणलं आणि त्यांच्यासाठी नॉबवालं शोधलं. तीन दुकानं फिरावी लागली, शेवटी मिळालं ते सगळ्यात स्वस्त मॉडेल होतं. रोजच्या कपड्यांना यात सहा टक् आहेत, काकांनी पहिल्याच दिवशी मोजले.